१२० फुटांची चूक: जीपीएस खोटं बोलतं तेव्हा पायलटला काय वाचवतं?

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला माझ्या आतेभावाचा मेसेज आला. "दादा, चेक फ्लाइट फेल. १२० फूट." बस, एवढंच.

तो विदर्भातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये कमर्शियल पायलट लायसन्ससाठी ट्रेनिंग घेतोय. आत्याने त्यासाठी घर तारण ठेवून कर्ज काढलंय. त्यामुळे 'फेल' हा शब्द आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणी टाकत नाही. तो मेसेज फक्त मला होता.

मी लगेच फोन केला. झालं असं होतं: डोळ्यांवर हूड लावून उडायचं होतं. हूड म्हणजे टोपीसारखी झापड, जिच्यामुळे बाहेरचं काही दिसत नाही, फक्त समोरची यंत्रं दिसतात. बाहेर लख्ख ऊन असलं तरी पायलटसाठी तो ढगात असतो. अशा अवस्थेत ३,००० फुटांवर विमान सरळ ठेवायचं होतं. मर्यादा १०० फूट वर किंवा खाली. त्याचं विमान ३,१२० फुटांवर गेलं.

"अरे, चारच टक्के एरर आहे की," मी म्हटलं.

"तेच ना दादा. वर काही नव्हतं, खाली काही नव्हतं. कुणाचं काय बिघडलं?"

खरं सांगतो, तेव्हा मलाही तसंच वाटलं. मी सॉफ्टवेअरवाला. चार टक्के चूक म्हणजे आमच्याकडे पार्टी. पण त्यानंतर मी त्याच्या फ्लाइटचा डेटा मागवून घेतला, थोडा अभ्यास केला, आणि माझं मत बदललं. कसं ते सांगतो. पण सुरुवात करू बातमीपासून, कारण तिचा संबंध तुमच्या खिशातल्या फोनशीही आहे.

दिल्लीत नेमकं काय झालं होतं?

नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दिल्ली विमानतळाच्या दोन बातम्या एकाच वेळी आल्या आणि सोशल मीडियावर त्यांची खिचडी झाली. एक बातमी होती एअर ट्रॅफिक कंट्रोलची मेसेज पाठवणारी यंत्रणा बंद पडल्याची. त्यामुळे शेकडो फ्लाइट्स लेट झाल्या. ती तांत्रिक बिघाडाची बातमी होती.

दुसरी बातमी वेगळी होती: जीपीएस स्पूफिंगची. डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने राज्यसभेत लेखी उत्तर दिलं. त्यानुसार दिल्लीच्या रनवे १० वर जीपीएसच्या आधाराने उतरणाऱ्या काही विमानांना खोटे सिग्नल मिळाले. त्या विमानांसाठी पर्यायी पद्धत वापरली गेली. रनवेच्या ज्या टोकांना जमिनीवरची पारंपरिक यंत्रणा चालू होती, तिथल्या विमानांना काहीच त्रास झाला नाही. मुंबई, कोलकाता, अमृतसर, हैदराबाद, बंगळुरू आणि चेन्नई इथूनही अशा तक्रारी आल्याचं त्याच उत्तरात होतं.

हे अचानक आलेलं नाही. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू परिसरात, जीपीएसमध्ये गडबड झाल्याच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्याचं सरकारने लोकसभेत सांगितलं होतं.

यातलं "पारंपरिक यंत्रणा" आणि "पर्यायी पद्धत" हे शब्द वाचताना सोपे वाटतात. पण ती पद्धत हातात असणारा माणूस कॉकपिटमध्ये हवा. तो माणूस कसा तयार होतो, हा आजचा विषय.

जॅमिंग आणि स्पूफिंग: गप्प बसणारा आणि थापा मारणारा

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर वर फिरतात. तिथून निघालेला सिग्नल तुमच्या फोनपर्यंत पोचतो तेव्हा रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षाही क्षीण असतो. ठरलेला कोड माहीत असल्यामुळेच फोन तो गाळून काढू शकतो. इतक्या बारीक आवाजावर ओरडणं कुणालाही सोपं आहे.

जॅमिंग म्हणजे नुसता गोंगाट. रिसीव्हर सांगतो, "सिग्नल नाही." पायलटला कळतं की जीपीएस गेलं.

स्पूफिंग म्हणजे उपग्रहाची नक्कल करून खोटा सिग्नल पाठवणं. रिसीव्हर तो खरा मानतो आणि आत्मविश्वासाने चुकीची जागा दाखवतो.

फोनवरचं उदाहरण घ्या. मॅपवर निळ्या ठिपक्याभोवती कधी कधी फिकट निळं वर्तुळ दिसतं. वर्तुळ मोठं असेल तर फोन प्रामाणिकपणे सांगतोय की "मी इथेच कुठेतरी आहे, नक्की माहीत नाही." स्पूफिंगमध्ये वर्तुळ छोटंच राहू शकतं, फक्त ठिपका भलत्याच गावात असतो. चूक आहे, पण चुकीची खूण नाही.

विमानात तर जीपीएसवर अनेक गोष्टी अवलंबून असतात: नकाशा, घड्याळ, आणि जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणासुद्धा. स्पूफिंगमुळे हजारो फूट उंचीवर असताना "पुल अप" असा खोटा इशारा वाजल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. एक मूळ माहिती बिघडली की तिच्यावर उभं असलेलं सगळं बिघडतं. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेसच चुकला, मग ॲप कितीही छान असो.

ढगात शिरलं की शरीरही खोटं बोलतं

आता तुम्ही म्हणाल, यंत्र चुकलं तर पायलटला अंदाज येईलच ना? विमान तिरकं झालं तर अंगाला कळेलच की!

कळत नाही. आपल्या आतल्या कानात द्रव भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं वळलं की द्रव मागे राहतो आणि मेंदूला वळण कळतं. पण वळण एकसारखं चालू राहिलं, तर काही सेकंदांनी द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि मेंदूला वाटतं, आपण सरळ आहोत. मग विमान खरोखर सरळ केलं की वाटतं आपण उलट्या बाजूला वळलो. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक दुरुस्त करतात. ढगात किंवा अंधाऱ्या समुद्रावर दुरुस्त करणारं कुणी नसतं.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात याचा प्रयोग झाला. यंत्रांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या २० जणांना ढगासारख्या परिस्थितीत उडवलं. वीसच्या वीस जणांचा विमानावरचा ताबा सुटला. सरासरी वेळ: १७८ सेकंद. म्हणजे तीन मिनिटंसुद्धा नाहीत. एका गाण्याएवढा वेळ!

यावर उपाय शोधला गेला त्याला शंभर वर्षं होत आली. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळ जिमी डुलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून फक्त यंत्रं पाहून विमान उडवलं, वळवलं आणि उतरवलं. पुढच्या सीटवर सुरक्षेसाठी दुसरा पायलट होता. तेव्हापासून नियम एकच: अंगाला काय वाटतं त्यावर नाही, यंत्रांवर विश्वास ठेवा.

पण यंत्रच चुकलं तर?

याचं सगळ्यात दुःखद उत्तर आपल्या मुंबईने पाहिलंय. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' हे बोइंग ७४७ मुंबईहून दुबईला निघालं. टेकऑफनंतर उजवीकडे वळून विमान सरळ झालं. पण कॅप्टनसमोरचं क्षितिज दाखवणारं यंत्र उजवीकडे कललेलंच राहिलं. खाली अंधारा समुद्र होता, बाहेर काही दिसत नव्हतं. कॅप्टनने विमान डावीकडे कलवलं, आणखी कलवलं, आणि ते वांद्र्याच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. विमानातले सगळेच्या सगळे २१३ लोक गेले. कॉकपिटमध्ये क्षितिज दाखवणारी आणखीही यंत्रं होती. पण त्यांच्याशी पडताळून पाहायला मिळालेला वेळ सेकंदांत मोजावा असा होता.

ही गोष्ट कॅप्टनला दोष देण्यासाठी सांगत नाहीये. रात्री, समुद्रावर, वळण संपताना त्यांच्या जागी कुणीही फसू शकतं. मुद्दा असा की "यंत्रावर विश्वास ठेवा" हा अर्धाच धडा झाला. उरलेला अर्धा: एकाच यंत्रावर विश्वास ठेवू नका.

मग आकडे इतके कडक का?

आता आतेभावाच्या १०० फुटांकडे येऊ. अमेरिकेच्या एफएएचं इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या परीक्षेचं प्रमाण सगळ्यांसाठी खुलं आहे: उंचीत १०० फूट, दिशेत १० अंश, वेगात १० नॉट, यापेक्षा जास्त इकडेतिकडे नको. आतेभावाच्या स्कूलमध्येही उंचीची मर्यादा तीच आहे.

पण गंमत पाहा. दोन विमानांमध्ये उभं अंतर साधारण १,००० फुटांचं ठेवतात. सपाट प्रदेशातल्या अडथळ्यांपासूनही १,००० फुटांची सूट असते. म्हणजे १२० फुटांनी कुणी कुणावर आदळणार नव्हतं. आतेभावाचं म्हणणं त्या अर्थाने बरोबरच होतं. मग हट्ट कशासाठी?

पहिलं कारण भूमितीचं आहे. कमी दृश्यमानतेत उतरायला आयएलएस नावाची यंत्रणा वापरतात. रनवेजवळचे ट्रान्समीटर हवेत एक अदृश्य घसरगुंडी तयार करतात, साधारण ३ अंश उताराची. त्यात ९० आणि १५० हर्ट्झ असे दोन सूर मिसळलेले असतात. विमान मधोमध असेल तर दोन्ही सारखे, सरकलं तर एक सूर वरचढ. कॉकपिटमधली सुई हा फरक दाखवते.

ही घसरगुंडी नरसाळ्यासारखी आहे. उताराची सुई अर्धी सरकली असेल, तर रनवेपासून १८ किलोमीटरवर याचा अर्थ सुमारे ११० मीटरची चूक. तीच अर्धी सुई २०० फूट उंचीवर, रनवेच्या जवळ आल्यावर, फक्त ७ मीटरची चूक दाखवते. नेहमीच्या आयएलएसवर साधारण इथेच निर्णय घ्यायचा असतो: रनवे दिसला तर उतरा, नाही तर वर जा. दूर असताना ढिसाळ हात खपून जातो. जवळ आल्यावर तोच हात सुईच्या मागे धावत सुटतो. म्हणून हात आधीच बारीक वळायला शिकलेला हवा.

दुसरं कारण डोक्यातल्या जागेचं. विमान नीट ट्रिम केलेलं असेल, कोणत्या पॉवरला आणि नाकाच्या कोणत्या कोनाला किती वेग मिळतो हे पाठ असेल, तर विमान जवळजवळ स्वतःच उडतं. मग रेडिओ ऐकायला, पुढचा विचार करायला डोकं मोकळं राहतं. ढिसाळ उडणाऱ्याची सगळी रॅम विमान सरळ ठेवण्यातच संपते.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि ते मला माझ्याच कामातून कळलं.

अलर्ट बंद करणारा मी

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे एक सर्व्हिस होती. तिचा रिस्पॉन्स टाइम सारखा वरखाली व्हायचा आणि अलर्ट सारखा वाजायचा. रात्री तीनला फोन वाजून वाजून मी वैतागलो आणि मर्यादा वाढवून टाकली. अलर्ट गप्प झाला. पुढच्या आठवड्यात मेमरी हळूहळू गळायला लागली. तीन दिवस कुणालाच कळलं नाही. चौथ्या दिवशी सगळं झोपलं. ग्राहकाला आमच्याआधी कळलं!

चूक मर्यादा वाढवण्यात होतीच, पण मूळ चूक त्याआधीची होती. सर्व्हिस नेहमीच डोलत होती, त्यामुळे खरा बिघाड त्या डोलण्यात लपून गेला. आकडा एरवी स्थिर असता तर पहिल्याच तासाला तो हलल्याचं दिसलं असतं.

विमानातही हेच. जो पायलट नेहमी ३०० फूट वरखाली डोलतो, त्याच्यासाठी १५० फुटांचा फरक म्हणजे रोजचीच गोष्ट. जो ३० फुटांत राहतो, त्याला १५० फूट म्हणजे धोक्याची घंटा. त्याचा पहिला प्रश्न असतो: "मी काही केलं नाही, मग हे हललं का?" यंत्र बिघडलंय? बर्फ जमतोय? सिग्नल खोटा आहे?

अचूकपणाचा खरा उपयोग हा आहे. आपलं स्वतःचं डोलणं जितकं कमी, तितकं दुसऱ्याचं खोटं लवकर पकडता येतं.

एक छोटा हिशेब पाहा. ९० नॉट वेगाने ३ अंशांच्या उतारावर यायचं असेल तर मिनिटाला साधारण ४५० फूट खाली यावं लागतं (जमिनीवरच्या वेगाला ५ ने गुणा). उतरायच्या जागेपासून ५ नॉटिकल मैलांवर तिथल्या जमिनीपासूनची उंची साधारण १,६०० फूट हवी. हे आकडे तोंडपाठ असलेला आणि ते पाळू शकणारा पायलट, सुई मधोमध ठेवायला मिनिटाला ७०० फूट खाली यावं लागतंय असं दिसलं की थांबून विचारतो: वाऱ्यामुळे? की सुई खोटी आहे? ज्याचा उतरण्याचा दर एरवीच ३०० ते ८०० मध्ये फिरत असतो, त्याला हा प्रश्न पडतच नाही.

सीएसव्ही फाइलमधले ४५ सेकंद

आतेभावाच्या ट्रेनर विमानात गार्मिन जी१००० हा डिजिटल कॉकपिट आहे. तो मेमरी कार्डवर दर सेकंदाला एक ओळ लिहितो: उंची, वेग, दिशा, नाकाचा कोन, पंखांचा कल, सगळं. मी फाइल मागवली आणि रविवारी दुपारी ग्राफ काढला. (आत्याला सांगितलं, ऑफिसचं काम आहे.)

उंचीची रेषा बराच वेळ ३,००० च्या आसपास छान सपाट होती. मग एका ठिकाणाहून ती वर निघाली. झटका नाही, काही नाही. संथपणे, ४५ सेकंदांत, १२० फूट. नाकाचा कोन पाहिला: फक्त एक अंश वर. हिशेब जुळतो. ९० नॉटला एक अंश म्हणजे मिनिटाला साधारण १६० फूट. ४५ सेकंदांना १२०.

आणि त्या ४५ सेकंदांत दिशेची रेषा? एकदम सरळ, जणू पट्टीने आखलेली.

मी त्याला फोन केला. "त्या वेळी काय करत होतास?"

तो जरा थांबला. "रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलायची होती. ती बदलली आणि मग हेडिंग सुटू नये म्हणून तेच बघत राहिलो."

"४५ सेकंद?"

"एवढा वेळ? मला तर पाचच सेकंद वाटले, दादा."

याला फिक्सेशन म्हणतात. नजर एकाच यंत्रावर खिळते. शिकवतात ते याच्या उलट: आधी क्षितिज, मग दिशा, परत क्षितिज, मग उंची, परत क्षितिज, मग वेग. नजर कुठेच मुक्काम करत नाही. दुरुस्तीसुद्धा मापात करायची. उंची १०० फूट चुकली तर मिनिटाला २०० फुटांच्या दराने परत या. दिशा ५ अंश चुकली तर ५ अंशांपेक्षा जास्त कलू नका. घाईघाईत केलेली मोठी दुरुस्ती हीच पुढची चूक होते.

मग त्याने मला चेक घेणाऱ्या मॅडम शेवटी काय म्हणाल्या होत्या ते सांगितलं. रागात त्याने आधी सांगितलंच नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, "तू १२० फूट गेलास म्हणून फेल नाही केलं. ते तुला दिसलंच नाही म्हणून केलं. ११० वर तू स्वतः 'करेक्टिंग' म्हणाला असतास तर आपण वेगळं बोललो असतो."

माझा ग्राफ तेच सांगत होता. मॅडमना ते ग्राफशिवाय दिसलं होतं.

सुई मधोमध, विमान भलतीकडे

इथे एक प्रामाणिक शंका उरते. समजा पायलट अगदी अचूक आहे, पण तो चुकीच्या आकड्याचा पाठलाग करतोय. मग?

२३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर हेच झालं. ज्या रनवेवर उतरायचं होतं तिथलं आयएलएस बंद होतं, म्हणून एक एअरबस ए३२० उपग्रहाच्या मार्गदर्शनावर आणि हवेच्या दाबावरून मोजलेल्या उंचीवर उतरत होतं. कंट्रोलरने दाबाचा आकडा १००१ ऐवजी १०११ सांगितला. एका हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट, म्हणजे उंची सुमारे २८० फूट चुकली. कॉकपिटमधल्या सुया मधोमध होत्या. विमान मात्र पावसात, ढगात, खऱ्या मार्गाच्या खाली उतरत होतं. रनवेच्या सुमारे दीड किलोमीटर आधी ते जमिनीपासून फक्त ६ फुटांवर आलं. ६ फूट! एका उंच माणसाएवढं.

वाचले कसे? ठरलेल्या उंचीला रनवे दिसला नाही म्हणून पायलटनी विमान परत वर घेतलं. "अजून थोडं खाली जाऊन पाहू" असं केलं असतं तर ही बातमी वेगळी असती.

म्हणजे नुसता अचूक हात पुरत नाही. दोन वेगवेगळ्या उगमांची माहिती एकमेकांशी ताडून पाहावी लागते, आणि मर्यादा आली की थांबावं लागतं. दाबावरची उंची चुकली तर रेडिओ अल्टिमीटर वेगळं सांगतो, कारण तो थेट जमिनीवर लहरी आपटून मोजतो. जीपीएस फसलं तर जमिनीवरचं आयएलएस वेगळं सांगतं. आयएलएसलाही प्रयोगशाळेत फसवून दाखवलंय, त्यामुळे तेही देवाचं वाक्य नाही. पण सगळ्यांना एकाच वेळी, एकाच दिशेने, एकमेकांशी जुळेल असं फसवणं फार अवघड आहे.

आणि त्यांच्यातला छोटा फरक दिसायला हात आधी स्थिर हवाच. फिरून गाडी तिथेच येते.

पण ऑटोपायलट आहे ना?

कमेंटमध्ये हा प्रश्न येणार हे माहीत आहे, म्हणून आधीच उत्तर देतो. हो, आहे, आणि तो माणसापेक्षा अचूक उडवतो. रोजच्या उड्डाणात तो वापरणंच शहाणपणाचं आहे.

अडचण तो नसतो किंवा आपल्याला वाटतं तसा चालू नसतो तेव्हाची. ६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एशियाना एअरलाइन्सचं बोइंग ७७७ स्वच्छ उन्हात उतरत होतं. त्या रनवेची उताराची सुई कामासाठी बंद होती. वेग १३७ नॉट हवा होता. तो सांभाळायचं काम ऑटोथ्रॉटल करतोय असा समज होता, पण तो त्या मोडमध्ये नव्हता. वेग १०३ नॉटपर्यंत घसरला आणि शेपटी रनवेआधीच्या बांधावर आदळली. ३०७ जणांपैकी तिघांचा मृत्यू झाला. ३४ नॉटची घसरण समोरच्या स्क्रीनवर दिसत होती. पाहणारी सवय त्या क्षणी जागी नव्हती.

१९९७ मध्येच अमेरिकन एअरलाइन्सचे कॅप्टन वॉरन व्हँडरबर्ग यांनी एका गाजलेल्या व्याख्यानात अशा पायलटांना 'मॅजेंटाची मुलं' म्हटलं होतं. स्क्रीनवर मार्ग दाखवणारी रेषा मॅजेंटा, म्हणजे जांभळट गुलाबी असते. तिच्यामागे निमूट जाणारी ही पिढी. आपण मॅपच्या निळ्या रेषेमागे जाऊन गल्लीच्या टोकाला भिंतीसमोर उभे राहतो, तसंच.

मग आपल्याकडे काय व्हायला हवं?

भारतात कमर्शियल लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. तास वहीत मोजले जातात, सवय मोजली जात नाही. आपल्या राज्यात गोंदियाला मोठी फ्लाइंग अकादमी आहे. अमरावतीच्या बेलोऱ्यात एअर इंडियाने दरवर्षी १८० पायलट तयार करण्याची योजना जाहीर केली, ३४ ट्रेनर विमानांची ऑर्डर दिली, आणि ती विमानं जी१००० सारख्या डिजिटल कॉकपिटची आहेत. म्हणजे नवी मुलं पहिल्या दिवसापासून सुंदर रंगीत नकाशावर उडणार.

माझ्या मते तीन गोष्टी स्वस्तात होऊ शकतात. एक, 'जीपीएस गेलं' इतकंच न शिकवता 'जीपीएस खोटं बोलतंय' हा सराव सिम्युलेटरवर प्रत्येकाला द्यावा. इन्स्ट्रक्टरने गुपचूप जागा थोडी सरकवावी आणि विद्यार्थ्याला किती सेकंदांत कळतं ते मोजावं. दोन, मेमरी कार्डवर आधीच साठत असलेला डेटा विद्यार्थ्याला दाखवावा. मी एका दुपारी काढलेला ग्राफ कुठलंही स्कूल प्रत्येक उड्डाणानंतर काढू शकतं. तीन, पास-नापास ठरवताना चूक किती फुटांची यासोबत ती किती वेळ दिसली नाही हेही लिहावं. १२० फुटांपेक्षा ४५ सेकंद हा आकडा मला जास्त घाबरवतो.

आणि तुम्ही? पुढच्या वेळी अनोळखी रस्त्यावर असाल तेव्हा ठिपक्यासोबत एक गोष्ट स्वतः तपासा: सूर्य कुठल्या बाजूला आहे, नदी डावीकडे हवी होती का, मैलाचा दगड काय म्हणतो. दोन उगम जुळले तर पुढे जा. नाही जुळले तर थांबा.

आतेभावाची फेरपरीक्षा पुढच्या मंगळवारी आहे. काल त्याने सरावाच्या उड्डाणाची फाइल स्वतःहून पाठवली. ग्राफमध्ये एका जागी रेषा ७० फूट खाली गेली आहे आणि आठ सेकंदांत परत वळली आहे. खाली त्याने लिहिलंय, "दिसलं होतं."